मार्चमध्ये लेखनिक हवा असतो

दृष्टीपलीकडे : भाग ५

ब्रेल, पांढरी काठी आणि बोलणारा मोबाइल यांविषयी आपण मागच्या भागांत वाचलं. या आठवड्याचा विषय आहे मदतीचा : आपला वेळ कुठे द्यायचा आणि पैसा कशासाठी उभा करायचा.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबांची अंधशाळेशी पहिली ओळख जेवणाच्या निमित्तानं होते. नातवाचा पहिला वाढदिवस असतो किंवा आईची पुण्यतिथी. मग मुलांना श्रीखंड-पुरी वाढली जाते आणि एक फोटो निघतो. त्यामागची भावना खरी असते आणि मुलं आनंदानं जेवतात, हेही खरं. पण मिष्टान्नाला माणसं मिळतात आणि परीक्षेला मिळत नाहीत, अशी आपल्या मदतीची वाटणी झाली आहे. ती बदलायला हवी.

परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थी उत्तर सांगतो आणि ते लिहून काढतो तो लेखनिक. मुलं त्याला ‘रायटर’च म्हणतात. अशा विद्यार्थ्याला दर तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक कोण असावा, याला नियम आहे. दहावीच्या विद्यार्थ्यासाठी तो खालच्या इयत्तेतला लागतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, उमेदवारानं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण उमेदवाराहून एक पायरी कमी असावं लागे. कॉपी होऊ नये म्हणून हे बंधन आहे आणि त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. त्याचा परिणाम मात्र असा होतो, की ज्यांच्याकडे भरपूर वेळ आहे ते निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका किंवा पदवीधर गृहिणी दहावी-बारावीच्या पेपरला बसू शकत नाहीत. तिथे हवी असतात नववीची आणि अकरावीची मुलं. त्यांची स्वतःची परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि आईवडिलांना वाटतं की पोराचा अभ्यास बुडेल. ऐन वेळी एकानं नकार कळवला, की विद्यार्थी वर्षभराचा अभ्यास डोक्यात घेऊन हातात हॉलतिकीट धरून केंद्राबाहेर फोन लावत उभा राहतो.

लेखनिकाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. प्रश्न वाचायचा तो गुणांसकट, पर्यायांसकट, आणि विद्यार्थी म्हणेल तितक्या वेळा. त्यानं सांगितलेलं वाक्य चुकीचं वाटलं तरी सुधारायचं नाही. नाव किंवा संज्ञा नीट कळली नाही तर अक्षरं विचारून घ्यायची. मध्येमध्ये किती वेळ उरला आहे ते सांगायचं. लिहिलेलं परत वाचून दाखवायचं आणि त्यात कंटाळा आवाजात येऊ द्यायचा नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘मागणीची लवचिकता’ हे शब्द कधीच न ऐकलेला लेखनिक मिळाला, तर त्याची निम्मी शक्ती शब्द समजावण्यातच जाते. म्हणून दोघांनी पेपरच्या आधी भेटावं, एखादी जुनी प्रश्नपत्रिका एकत्र सोडवून पाहावी. बोलण्याचा आणि लिहिण्याचा वेग तिथेच जुळतो.

मोठ्यांसाठीही कामाला तोटा नाही. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि आजही चांगल्या आवाजांची गरज आहे. पंखा बंद करावा, पानांचे क्रमांक सांगावेत, तक्ता आला तर तो शब्दांत उभा करावा. पण सध्या त्याहून निकडीचं काम मला वाटतं ते मुद्रितशोधनाचं. छापील मराठी पान स्कॅन करून संगणकाकडून ओळखून घेतलं, की जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर निरर्थक अक्षरांसारखा वाचतो. मूळ पान शेजारी ठेवून तो मजकूर दुरुस्त करणं हे घरबसल्या, रोज अर्धा तास देऊन होणारं काम आहे. स्वामित्वहक्काची भीती नको : २०१२च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यात दृष्टिहीनांसाठी अशी प्रत तयार करायला मुभा दिली आहे. आणि ज्या मराकेश करारानं अशी पुस्तकं देशोदेशी पाठवण्याची वाट मोकळी केली, तो २०१४ साली सर्वांत आधी संमत करणारा देश भारत होता.

आता पैशाविषयी. देणगी मागताना वस्तू दाखवणं सोपं जातं : काठ्या, घड्याळं, लॅपटॉप. त्या हव्यातच. पण संस्था चालते ती पगारावर. चालण्याचं प्रशिक्षण देणारा शिक्षक, ब्रेल तपासणारा माणूस, वीजबिल, आणि ब्रेलचे ठिपके टिकावेत म्हणून लागणारा जाड कागद. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८पासून निघतं. त्याचा प्रत्येक अंक अशा कागदावर उठवावा लागतो आणि तो साध्या अंकाहून कितीतरी जाड होतो. असे खर्च फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्यांना दाता मिळत नाही. तुमच्या सोसायटीनं गणपतीत किंवा तुमच्या गटानं मॅरेथॉनच्या निमित्तानं निधी जमवला, तर तो ‘संस्थेला योग्य वाटेल त्या कामासाठी’ असं लिहून द्या. निधी मागताना मुलांचे केविलवाणे फोटो वापरू नका. ती मुलं मोठी होऊन नोकरीच्या मुलाखतीला जाणार आहेत.

देण्याआधी संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. चांगली संस्था तो आनंदानं देते. देणगीवर प्राप्तिकरात वजावट हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीनं देऊ नका, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घ्या, आणि नव्या कररचनेत ही वजावट मिळत नाही हे ध्यानात ठेवा.

तुमच्या घरात नववी किंवा अकरावीत शिकणारं, सुवाच्य अक्षराचं मूल असेल, तर जवळच्या अंधशाळेला किंवा महाविद्यालयाला याच आठवड्यात फोन करून त्याचं नाव नोंदवा. आणि नोंदवलंत, तर पेपरच्या दिवशी त्याला वेळेआधी केंद्रावर पोहोचवा.