घर मोजायचे कशाने?

नवे घर झाले की पाहुणे हमखास विचारतात, ‘खोल्या किती?’ पण भूकंपात घर गमावलेल्या हजारो कुटुंबांना सरकारदरबारी आधी सांगावे लागले ते वेगळेच : ‘जमीन किती?’

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूरमधील किल्लारीबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. गवताच्या झोपड्या त्या मानाने तगल्या. त्या पहाटे वाडाच वैरी ठरला!

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. घराचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यापुढे ७५०.

यामागे व्यवहार होता. शेतकऱ्याला धान्य, अवजारे, बैलबारदाना ठेवायला जागा लागतेच. पण मजुराच्या घरी माणसे का कमी असतात? सातबाऱ्यावर नाव नसलेल्याच्या चुलीभोवतीही तितकीच ताटे मांडली जातात. भूकंपाने सर्वांना एका रांगेत आणले. घरवाटपाने जुनी उतरंड पुन्हा मांडली.

आज माप बदलले आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. अनुदान हप्त्याहप्त्याने, बांधकाम चढेल तसे खात्यात येते. तरीही जमीन पाठ सोडत नाही. यादीत नाव लागले, पण पाय ठेवायला स्वतःची जागा नसेल तर घर उभे करायचे कुठे? जागाखरेदीला अर्थसाहाय्य आहे खरे, पण गावठाणात विकत मिळणारी जागाही हवी ना!

म्हणून यादीचे वाचन असेल तेव्हा ग्रामसभेला जरूर जावे. आपले नाव आहे का, हे पाहावेच. पण शेजारच्या भूमिहीनाचे का नाही, हेही त्याच सभेत उठून विचारावे. त्याच्यासाठी बोलणारा दुसरा कुणी नसतो.