टाइट एंड पारखायचा कसा? नुसते कॅच मोजून नाही!

तर मंडळी, टाइट एंड म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला डबल ड्युटीवाला गडी. पास झेलायचा, आणि बॉल घेऊन धावणाऱ्या साथीदारासाठी समोरच्याला रेटून वाटही करून द्यायची. कॉलेजच्या आकड्यांत झेललेलं दिसतं. रेटलेलं कोण लिहून ठेवतं?

जॉर्ज किटलच बघा ना. आयोवा विद्यापीठात सगळे मिळून 48 कॅच, बस्स. 2017च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये निवड थेट पाचव्या फेरीत, 146वी. पण पठ्ठ्या 40 यार्ड 4.52 सेकंदांत पळाला होता, आणि ब्लॉकिंग दणकट. आयोवाचा खेळच धावण्यावर चालतो, मग पास येणार किती? पुढे 2018मध्ये त्यानं 1,377 यार्ड काढले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम.

म्हणून कॉलेजचे व्हिडिओ बघताना बॉल सोडा, पाय बघा. धडकेनंतरही ते चालूच आहेत का?