पणजीचं नाव कुठं लिहिलंय?

माझी पणजी मानमोडीत गेली, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोचली. पणजोबा नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. त्यांचं नाव, त्यांच्या बदल्यांची गावं, कोणत्या दुष्काळानंतर त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, हे सगळं आजोबांना तोंडपाठ. आईचं नाव विचारलं की ते गप्प व्हायचे. आई गेली तेव्हा ते तान्हे होते आणि पुढं घरात दुसरी आई आली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे नाव शोधायला घेतलं. शोधताना जे कळलं ते बऱ्याच घरांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडं घराण्याचा इतिहास म्हटलं की कुलवृत्तांत आठवतात, मूळ पुरुषापासून शाखा-उपशाखा दाखवणारे जाडजूड ग्रंथ. नाहीतर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं गावांसकट मिळतात. महारवाड्यातून मिशनच्या आवारात आलेल्या आमच्या घराला यातलं काहीच नाही. म्हणून आपल्याला इतिहासच नाही, असं आमच्यातलीही माणसं बोलून दाखवतात. मला ते मुळीच मान्य नाही. आमच्या माणसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. ते विखुरलेलं आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ते आमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

सुरुवात दफनाच्या नोंदीपासून करावी. गरिबाघरी जन्मतारीख कोण लिहिणार? शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजानं १ जून टाकायचे, म्हणून जुन्या दाखल्यांवर हीच तारीख ओळीनं दिसते. मरणाचं तसं नाही. पुरायचं तर जागा लागते, पाळक लागतो, खड्डा खणायला माणसं लागतात. त्या दिवशीची तारीख कुठंतरी पडतेच.

ती कबरीच्या दगडावर मिळेल असं मात्र समजू नये. नगर शहरात दगड आहेत ते बहुतेक मिशनऱ्यांचे, लष्करी साहेबांचे, फार तर नावाजलेल्या पाळकांचे. खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, कबर म्हणजे मातीचा उंचवटा आणि डोक्याशी लाकडी क्रूस. क्रूस वाळवी खाते, माती बसते, काही वर्षांनी त्याच जागेत दुसरं माणूस ठेवतात. आमच्या गावच्या दफनभूमीत १९१८ ची एकही कबर आज ओळखता येत नाही. खरी नोंद मंडळीच्या रजिस्टरात.

इथं एक फरक कळला पाहिजे. मुंबई इलाख्यातल्या सरकारी पाद्र्यांकडच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या नोंदींच्या नकला विलायतेला जात. १७०९ पासूनच्या त्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट लावून ठेवलेल्या आहेत. त्यांत प्रामुख्यानं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन घरं सापडतात. नगरला १८३१ मध्ये ठाणं केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या या व्यवस्थेत नव्हत्या. मिशनऱ्यांची पत्रं बॉस्टनच्या त्यांच्या बोर्डाकडं गेली आणि आता हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. पण कोणत्या खेड्यात कोण पुरलं, हे लिहिलेलं रजिस्टर मंडळीच्या कपाटातच राहिलं. ते भिजलं की संपलं.

आमचं रजिस्टर अर्धं शाबूत होतं. तारीख, नाव, वय, आजार, विधी कोणी केला, असे रकाने. ऑक्टोबर १९१८ ला अक्षर बदलतं, कारण पाळक स्वतःच अंथरुणाला खिळले होते. पुढं पानच्या पान ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. वयं सगळी तीस, चाळीस, साठ, कारण कोणालाच नेमकं वय ठाऊक नव्हतं. त्या पानावर पणजोबांचं नाव दिसलं आणि त्यापुढं ‘यांची बायको. वय अदमासे ३०’. पुरल्याची तारीख मिळाली, पण जिला पुरलं तिचं नाव नाही.

मग तहसील कचेरी. गावागावांतले जन्म-मृत्यू कोतवालाकरवी एका नोंदवहीत चढत. हाच तो गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं २०२३ पासून हीच दप्तरं उघडायला लावली, त्यामुळं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आता निदान ‘कोतवाल बुक कशाला हवं?’ असं कोणी विचारत नाही. जुन्या वह्या मोडीत असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवतं. स्वतः शिकणं उत्तम, नाहीतर जाणकार वाचक गाठावा. ओळीच्या ओळी वाचून काढल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मूल जन्मलं की बापाचं नाव आणि पुढं नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाई मेली की नवऱ्याचं किंवा बापाचं नाव. पणजीच्या मरणाची नोंद तिथंही आहे, मंडळीच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची. जातीच्या रकान्यात ‘महार’. घरात बाप्तिस्मा होऊन चाळीस वर्षं उलटली होती, पण गावाच्या लेखी काही बदललेलं नव्हतं. मला त्या एका शब्दाचा राग आला, आणि त्याच शब्दामुळं नोंद आमचीच हेही पटलं, कारण गावात पणजोबांच्या नावाचा दुसरा एक माणूस होता, तो मराठा होता.

नाव मिळालं ते वर्तमानपत्रात.

‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. मिशनचं पत्र म्हणून अभ्यासक त्यात धर्मचर्चा शोधतात, पण कुटुंबाचा माग काढणाऱ्यानं त्यातली बारीक अक्षरातली पत्रं वाचावीत. कोणत्या मंडळीत कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणत्या मास्तरांचं लग्न लागलं, कोण वारलं. याच पत्रात १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला गेला. गावच्या दप्तरात बाईला स्वतःचं नाव नसताना एका मांग मुलीचं लेखन तिच्या नावानं छापणारं हे पत्र आहे. मला याचं मोल फार वाटतं. आमच्यावर उपकार केले म्हणून नव्हे. लिहिता येणारी माणसं आमच्यात लवकर तयार झाली आणि त्यांनी एकमेकांबद्दल लिहिलं, म्हणून.

१९१८ च्या अखेरच्या अंकांत ठाण्याठाण्यांवरून आलेली पत्रं आहेत. नेवाशाकडच्या एका पत्रात साथीत गेलेल्यांची यादी आहे, आणि यादीत पणजोबांच्या शाळेचं गाव, त्यांचा हुद्दा आणि ‘यांची पत्नी’ या शब्दांआधी तिचं नाव. पुढं दोन वाक्यं: ती बायबलबाईंबरोबर, म्हणजे घरोघर बायबल सांगणाऱ्या बायकांबरोबर, आसपासच्या वाड्यांवर जाई, आणि आजाऱ्यांना पाणी पाजताना तिला ताप भरला. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिच्या माहेरची माणसं मला अजून भेटलेली नाहीत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते छापणं मला बरं वाटत नाही.

बातमीत नाव मिळालं म्हणून ते लगेच आपलं मानू नये. तारीख, गाव, नवऱ्याचा हुद्दा, यातल्या निदान दोन गोष्टी दुसऱ्या दप्तराशी जुळल्या पाहिजेत. आमच्या तिन्ही जुळल्या.

राहिली जनगणना. विलायतेतली घराण्याची शोधाशोध प्रामुख्यानं तिच्यावरच चालते, कारण तिथं शंभर वर्षांनी घरोघरची पत्रकं खुली होतात. १९२१ ची पत्रकं २०२२ मध्ये खुली झाली, आणि कोणीही आपल्या पणज्याचं घर, माणसं, धंदा वाचू शकतो. आपल्याकडंही १७ फेब्रुवारी १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी देशभर एकदम शिरगणती होत आली. १९०१ ला तर माणशी एक चिठ्ठी केली होती. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म ओळखायचा, मग चिठ्ठ्या खणांत वाटून मोजायच्या. म्हणजे पणजीचीही एक चिठ्ठी होती. आकडे निघाल्यावर त्या चिठ्ठ्यांचं काम संपलं आणि त्या जपल्या गेल्या नाहीत. शिवाय घरच्यांनी बाईचं नाव सांगायला हरकत घेतली तर नुसतं ‘स्त्री’ असं लिहायची मुभा जुन्या गणनांच्या सूचनांतच होती. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेची पत्रकं १९४८ च्या कायद्यानं गोपनीय आहेत. तेव्हा आपल्या जनगणनेत पूर्वजाचं नाव शोधण्यात वेळ घालवू नये.

पण तिचे छापील खंड टाकाऊ नाहीत. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या घटली, अशी घट त्या आधी-नंतरच्या कोणत्याच गणनेत नाही. नगर जिल्हाही घटला. साथ होती, तिच्या मागोमाग पाऊस नव्हता, माणसं पोटासाठी मुंबईकडं निघाली. हे आकडे समोर ठेवले तेव्हा घरातली एक जुनी तक्रार मला नीट समजली. पणजोबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं म्हणून आमच्याकडं त्यांना बोल लावला जायचा. रजिस्टरच्या त्या पानांवर बायको गेलेले किती पुरुष आहेत आणि मागं तान्ही मुलं किती, हे वाचलेलं माणूस तो बोल लावणार नाही.

ज्यांना आपल्या घराचं असं काही शोधायचंय त्यांनी आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी बोलावं, आणि तारखा न विचारता गावं विचारावीत. बदलीची, लग्नाची, मेल्यावर पुरल्याची गावं. तालुका तेव्हा कोणता होता ते बघावं, कारण दप्तर तिकडं असतं. मंडळीचं रजिस्टर हाती आलं तर आपल्या ओळीचा फोटो काढून थांबू नये, सगळी पानं घ्यावीत, कोरीसुद्धा, आणि पानांचा क्रम लिहून ठेवावा. शेजारच्या ओळीत कोणाची तरी पणजी आहे. नेवासे-राहुरी भागातल्या मंडळ्यांनी आपली रजिस्टरं एकदा मोजून पुण्या-मुंबईच्या एखाद्या अभिलेखागारात त्यांच्या प्रती ठेवाव्यात, हे मी भेटेल त्या पाळकांना सांगते. दोघांनी ऐकलं आहे.

माझं काम अजून उरलंय. दफनाच्या रजिस्टरात बाई नवऱ्याची असते, पण विवाहाच्या रजिस्टरात वधूच्या वडिलांचं नाव आणि गाव लिहायचा रकाना असतो. लग्न मुलीकडच्या मंडळीत लागत असे. म्हणजे नेवाशाच्या आसपासच्या मंडळ्यांतली १९१८ च्या आधीची विवाहाची पानं उलटायची. राहुरीकडच्या एका मंडळीत अशी दोन रजिस्टरं आहेत असं कळलंय. पाळकांनी पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितलंय.