हातचा म्हणजे मोडलेली नोट

दर महिन्याच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शिल्लक यांचं बोलतो. आज घरातल्या सहावी ते आठवीच्या मुलामुलींच्या गणिताचं बोलू या.

बैठकीला गेलो की आया आम्हा सहयोगिनींना सांगतात, "पोरगी दुकानातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणते, पण वहीत वजाबाकी चुकते." ही एका घरची गोष्ट नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या शंभर मुलांपैकी साधारण ४४ जणांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं.

या मुलांना बुद्धी कमी नाही. तिसरी-चौथीत एखादी पायरी निसटलेली असते आणि पुढचे धडे तिच्यावरच उभे असतात. मग मुलगी म्हणते, "मला गणित येतच नाही." पुढे म्हणते, "शाळाच नको." आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय घरात किती लवकर निघतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी निसटलेली पायरी शोधू या. 'एकोणसाठ' असं म्हणा आणि तिला लिहायला सांगा. कानावर 'साठ' पडतं, म्हणून पुष्कळ मुलं ६९ लिहितात. एकोण म्हणजे एकाने कमी, साठाला एक कमी म्हणजे ५९, हे उलगडून सांगा. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, पण लिहायचे सहा आधी. याच अडचणीसाठी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचायची पद्धतही दिली होती. तसं म्हणून दाखवलं तरी चालेल.

आता ६३ वजा २७ घ्या. दहाच्या सहा नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी मांडा. यातून २७ रुपये द्यायचे. सात सुटे आपल्याकडे नाहीत, म्हणून दहाची एक नोट मोडायची. नोटा राहिल्या पाच, नाणी झाली तेरा. त्यातून दोन नोटा आणि सात नाणी दिली की उरतात ३६. शाळेत ज्याला हातचा म्हणतात, तो म्हणजे ही मोडलेली नोट. खऱ्या नोटा नसतील तर कागदाचे तुकडे करा.

भागाकारही असाच. ७३५ रुपये पाच जणींत वाटायचे आहेत. शंभराच्या सात नोटांतली एकेक प्रत्येकीला दिली, दोन उरल्या. त्या मोडून दहाच्या वीस नोटा, आधीच्या तीन मिळून तेवीस. प्रत्येकीला चार दिल्या, तीन उरल्या. त्या मोडून तीस रुपये, आधीचे पाच मिळून पस्तीस. प्रत्येकीला सात. म्हणजे एकेकीला १४७ रुपये.

अपूर्णांकांना तर आपल्या स्वयंपाकघरात नावंच आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मुलं १/४ अधिक १/२ याचं उत्तर पुष्कळदा २/६ लिहितात. तिला विचारा, "अर्धा किलो साखरेत पाव किलो घातली, तर अर्ध्या किलोपेक्षा कमी कशी होईल?" पाव आणि अर्धा मिळून पाऊण, म्हणजे ३/४, हे तिचं तिलाच सापडेल.

शेकडेवारीसाठी आपलं पासबुक आहेच. २००० रुपये कर्ज, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज. दोन हजारांत शेकडे वीस, म्हणून पहिल्या महिन्याचं व्याज ४० रुपये. पुस्तकात दर वर्षाचा असतो आणि गटात महिन्याचा, एवढा फरक मात्र जरूर सांगा.

एक गोष्ट विसरू नका. तोंडी उत्तर आलं की थांबू नका. नोटांनी जे केलं, तेच लगेच वहीत मांडायला लावा. बाजारातलं गणित आपोआप कागदावर उतरत नाही, तो सांधा जोडावा लागतो. रोज पंधरा मिनिटं पुरेत. चुकलं तर रागावू नका, "कसं केलंस ते सांग" एवढंच म्हणा. सांगता सांगता चूक कुठे झाली ते कळतं.

ज्यांना लिहितावाचता येत नाही, त्या मैत्रिणींनीही मागे राहू नये. नोटा मांडायच्या तुम्ही, लिहायचं मुलीने. शाळेत पालकसभेला जाल तेव्हा "गणित कच्चं आहे" एवढ्यावर न थांबता "हातच्याची वजाबाकी अडते" असं नेमकं सांगा, म्हणजे गुरुजींना आणि बाईंनाही तिथूनच सुरुवात करता येईल.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने आपल्या मुलाची किंवा मुलीची एक अडलेली पायरी शोधून यावं. हप्त्याचा हिशेब झाला की तेवढं बोलून घेऊ.