उद्यापासून येऊ नकोस!

'पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका' असे आपल्याकडे म्हणतात. पाठीवर मारायला निदान हात उचलावा लागतो. पोटावर मारायला तेवढेही कष्ट नाहीत; 'उद्यापासून येऊ नकोस' हे तीन शब्द पुरतात. ना कागद, ना सही, ना कारण. दिवाळी तोंडावर आलेली असते, पोरांनी फटाक्यांची यादी केलेली असते, आणि घरचा कर्ता आज सायकलवर न बसता ती हातात धरून चालत घरी निघतो. घर जितके उशिरा येईल तितके बरे!

आमच्या बार्शीने असे हातात धरलेल्या सायकलींचे मोर्चे पुष्कळ पाहिले आहेत. भगवंताचे हे गाव गिरण्यांचे, डाळीच्या मिलांचे, अडत्यांचे आणि हमालांचे. गावात काम आहे म्हणजे कामावरून काढणेही आहे. पण वाचकहो, कामावरून काढलेल्या माणसाच्या हिंदुस्थानातल्या कायद्याला वळण लावण्याचे काम ज्या एका खटल्याने केले, त्याच्या नावात आपली बार्शी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बार्शी लाइट रेल्वे सर्वांना माहीत आहे. कुर्डुवाडी ते बार्शी ही चिमुकली गाडी १८९७ साली सुरू झाली, आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी तिने मजल मारली. कंपनी लंडनची, डबे झुकझुकणारे, आणि नोकर सगळे आपल्या मुलखातले. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घ्यायचे ठरवले. तेव्हा कंपनीने आपल्या नोकरांना नोटिसा दिल्या : ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर तुमची चाकरी संपली. सरकारकडे काम करायला तयार असतील त्यांना पुढे सरकार नोकरीत घेणार आहे.

नुकताच, म्हणजे १९५३ च्या ऑक्टोबरात, नवा कायदा आला होता. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. रेल्वे कामगारांच्या युनियनने ही भरपाई मागितली. युनियनचे अध्यक्ष होते के. एन. जोगळेकर, मीरत कटाच्या खटल्यातले ते प्रसिद्ध कामगार पुढारी. मुंबईच्या हायकोर्टात कामगार जिंकले. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तेथे कामगार हरले. कोर्टाने म्हटले, चालू धंद्यातून जादा माणसे कमी करणे ही एक गोष्ट आणि धंदाच बंद होणे किंवा दुसऱ्याच्या हाती जाणे ही दुसरी. भरपाई पहिल्या गोष्टीला आहे, दुसरीला नाही.

देशभर ओरड झाली. १९५७ साली कायदा दुरुस्त झाला, आणि धंदा बंद पडला किंवा दुसऱ्याकडे गेला तरी कामगाराला भरपाईचा हक्क मिळाला. ही दुरुस्ती केव्हापासून लागू झाली म्हणाल? २८ नोव्हेंबर १९५६ पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! बार्शी लाइटच्या माणसांनी खटला लढवला, हरले, आणि त्यांच्या हरण्यातून साऱ्या देशाच्या कामगारांना जे मिळाले ते त्यांच्या स्वतःच्या पदरात पडले नाही.

याच गावची दुसरी गोष्ट ऐका. लोकमान्य मिल आणि बार्शी नगरपालिका यांच्यात घरपट्टीवरून वाद लागला. तोही सुप्रीम कोर्टात गेला. १९६१ साली निकाल लागला, आणि कारखान्याची पट्टी जागेच्या क्षेत्रफळावरून सरसकट ठरवण्याची नगरपालिकेची पद्धत बेकायदा ठरली. मिलने आपला हक्क बजावला, त्यात गैर काही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पट्टीसाठी मिल दिल्लीला जाऊ शकली, आणि नोकरीसाठी रेल्वेचा कामगार दिल्लीपर्यंत पोचला तो युनियनच्या खांद्यावर बसून. ज्याला मिल नाही आणि युनियनही नाही, त्याने काय करावे?

मुंबई सरकारने १९४९ साली या प्रश्नावर न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली होती. गरिबाला कोर्टात वकील कोणी द्यायचा, हा तिचा विषय. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हे काम अंगावर घेतले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदत घटनेत आली, १९८७ साली तिचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्या कायद्याच्या बाराव्या कलमात मदतीला पात्र असलेल्यांची यादी आहे. तीत स्त्रिया आहेत, मुले आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, अपंग आहेत. आणि त्याच रांगेत 'औद्योगिक कामगार' हे दोन शब्द आहेत. त्याला उत्पन्नाची अट नाही. दाखला नको, तलाठ्याकडे खेपा नकोत. कामगार आहे, एवढे पुरे.

ही मदत मागायला मुंबईला जावे लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, आणि तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला तरी चालतो. वकिलाची फी, कोर्टाचा खर्च, कागद तयार करणे, हे सारे सरकारच्या खर्चाने. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, आणि घेतला तर तक्रार त्या न्यायाधीशांकडेच करता येते.

मग अडते कुठे? डाळीच्या मिलमध्ये अकरा वर्षे काढलेल्या एका गृहस्थांशी चहाच्या टपरीवर माझे बोलणे झाले. मी म्हटले, "अहो, तुम्हाला सरकारी वकील फुकट मिळतो, ठाऊक आहे का?" ते हसले. "फुकटचा वकील काय लढतोय, दादा? आन् मी तर सही करून बसलोय. हिशेबाचा कागद म्हणले, मी अंगठ्यासारखी सही केली. खाली काय लिवलंय कुणी वाचलंय?" खाली लिहिले होते, 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.'

खरे दुखणे ते हे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण इतकी घोकली आहे की पायरीशी नुसते विचारायलाही आपण जात नाही; आणि जातो तेव्हा वरातीमागून घोडे. वास्तविक कामगाराच्या बाबतीत वकिलाच्या भाषणापेक्षा वकिलाचा सल्लाच मोठा. कारण ऐका. कामावरून काढल्याचा वाद आधी सरकारच्या समेट अधिकाऱ्यापुढे जातो, आणि तेथे वकिलाला उभे राहताच येत नाही. पुढे न्यायाधिकरणातसुद्धा समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असेल तरच वकील उभा राहतो. म्हणजे बहुतेक वेळा कामगाराला स्वतःच किंवा युनियनच्या माणसाने बोलावे लागते. काय बोलावे, कोणता कागद पुढे करावा, हे आधी कोणी शिकवले असेल तर तो टिकतो.

आणि शिकवण्यासारखे फार थोडे आहे. न वाचता सही करू नये. हिशेबाचे पैसे घेतले तर 'हक्क राखून घेतले' असे लिहून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गेटवर जावे. आत घेतले नाही तर त्याच दिवशी मालकाला रजिस्टर पत्र पाठवावे : मी कामावर आलो होतो, मला आत घेतले नाही, मी काम करायला तयार आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर जपून ठेवावा. कारण उद्या हमखास सांगितले जाते, 'आम्ही काढलेच नाही, तोच यायचा बंद झाला.' या सबबीलाही सुप्रीम कोर्टाने १९९३ साली उत्तर दिलेले आहे : गैरहजर राहिला म्हणूनसुद्धा चौकशी न करता, त्याचे म्हणणे न ऐकता नाव कमी करता येत नाही. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात त्या कोर्टाने आणखी सांगितले की बेकायदा काढलेल्या नोकराला परत घेताना मधल्या काळाचा पगार देणे हाच सर्वसाधारण नियम.

आता घड्याळाकडे पाहिले पाहिजे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात काढलेल्या कामगाराला कोर्टात जायला तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्याप्रमाणे वाद उभा राहून दोन वर्षे झाली की समेट अधिकाऱ्याला ते काम चालवता येत नाही. 'मालक परत बोलावतील' म्हणून वाट पाहणाऱ्याची दोन वर्षे कशी जातात, हे मी आमच्या गावात पाहतो आहे. एक दिवाळी मालकाच्या भरवशावर जाते, दुसरी शेजाऱ्याच्या उसनवारीवर. तिसरी येते तेव्हा दार बंद झालेले असते.

मदतीत उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. सल्ला बार्शीत मिळाला तरी कामगारांचे कोर्ट सोलापूरला. सत्तर किलोमीटरची एस. टी. आणि बुडालेली रोजी कामगाराच्याच माथी. सरकारने वकील दिला, तिकीट दिले नाही. विधी सेवा समितीचा फलक कोर्टाच्या व्हरांड्यात असतो. तो डाळीच्या मिलच्या आणि मार्केट यार्डाच्या दारात हवा. ज्याला नोकरीवरून काढले तो कोर्टाच्या व्हरांड्यात कशाला जाईल?

बार्शी लाइटच्या कामगारांना कायदा एका दिवसाने चुकला. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण कायदाच जन्मला नव्हता. आज कायदा आहे, कलम आहे, समिती आहे, वकील आहे. तेव्हा ज्याला कोणी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणेल, त्याने उद्या दोन ठिकाणी जावे. सकाळी गेटवर, आणि तेथे आत घेतले नाही तर दुपारी कोर्टातल्या त्या समितीकडे. वकील फुकट मिळतो. गेलेला दिवस मात्र कोणी परत देत नाही.