कळतें पण वळत नाहीं

आहाराविषयींचें ज्ञान आणि आहाराची संवय या दोन्ही गोष्टी एकच आहेत असें गृहीत धरून समाजांत बराचसा उपदेश चाललेला असतो. शाळेंत पालेभाज्यांचे गुण तोंडपाठ म्हणून दाखविणारा मुलगा घरीं पानांतील मेथीची भाजी हळूच कडेला सारतो. हातसडीच्या तांदुळाची थोरवी मान्य करणारी गृहिणी बाजारांतून पांढरा शुभ्र तांदूळच आणविते. आणि तळकट खाणें वर्ज्य करा असा सल्ला ऐकून परतणारे गृहस्थ वाटेंत भज्यांचा पुडा बांधून घेतात. यांपैकीं कोणासही अज्ञानी म्हणतां येणार नाहीं. मराठी भाषेनें या स्थितीचें वर्णन चार शब्दांत करून ठेवलें आहे: कळतें पण वळत नाहीं. मोठ्या माणसांच्या बाबतींत ही गोष्ट थट्टेवारी नेतां येते. परंतु दोन वर्षांच्या आंतील बालकाच्या बाबतींत तिची किंमत त्याच्या वाढींतून, बुद्धींतून आणि केव्हां केव्हां त्याच्या प्राणांतून वसूल होते.

ही किंमत किती मोठी आहे हें आंकड्यांवरून कळेल. सन 2019 ते 2021 या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा 35.5 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं, शेंकडा 32.1 वजनानें कमी भरलीं आणि शेंकडा 19.3 उंचीच्या मानानें रोडावलेलीं दिसलीं. महाराष्ट्रांत हेच आंकडे अनुक्रमें 35.2, 36.1 आणि 25.6 असे होते. हें सर्व दारिद्र्याचें फळ आहे असें म्हणून मोकळें होण्याचा मोह सुशिक्षितांस सहज होतो. दारिद्र्याचा वाटा मोठा आहे यांत शंका नाहीं. देशांतील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत खुज्या मुलांचें प्रमाण शेंकडा 46 होतें. पण सर्वांत सधन पंचमांश कुटुंबांतही तें शेंकडा 23 होतें! अस्वच्छ पाणी, वारंवारचीं दुखणीं, आईची स्वत:ची अपुरी वाढ अशीं इतर कारणें येथें असतीलच. तथापि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं किमान पुरेसा आहार मिळालेलीं मुलें शंभरांत अवघीं 11 होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. घरांतील डब्यापासून मुलाच्या तोंडापर्यंतची वाट दिसते तितकी सरळ नाहीं.

या वाटेवरचे अडथळे पुष्कळदां परंपरेचें रूप घेऊन उभे असतात. बाळंतिणीचें पहिलें पिंवळसर घट्ट दूध, ज्यास चीक म्हणतात, तें बाळास पचत नाहीं अशा समजुतीनें पिळून टाकावयाचें आणि त्याच्या जागीं मधाचें बोट चाटवावयाचें. वास्तविक रोगप्रतिकाराचीं द्रव्यें या चिकांतच विपुल असतात, आणि मध तर वर्षाच्या आंतील मुलास अपायकारक ठरूं शकतो. गरोदर स्त्रीनें पोटभर जेवल्यास मूल मोठें होऊन बाळंतपण अवघड जाईल, ही दुसरी समजूत. उष्टावण थाटानें करावयाचें, परंतु त्यानंतर कित्येक आठवडे मुलास भाताच्या पेजेवर आणि वरणाच्या वरच्या पाण्यावर ठेवावयाचें, ही तिसरी चाल. पेजेनें पोट भरतें, पण मुलाचें पोट केवढें? जेमतेम वाटीभर. तेवढी जागा पाण्यानेंच व्यापली तर बळ देणाऱ्या अन्नास जागा राहत नाहीं.

मग हें सर्व आयांस समजावून सांगितलें म्हणजे झालें, असें कोणीही म्हणेल. अडचण नेमकी येथेंच आहे. नुसतें सांगून काय होतें याची एक प्रसिद्ध परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत झाली. चांगलें मांस सैन्याकडे जात असल्यामुळें जनावराचें काळीज, मूत्रपिंड इत्यादि पौष्टिक परंतु लोकांस न रुचणारे भाग घरोघर खाल्ले जावेत अशी तेथील सरकारची इच्छा होती. त्यासाठीं नेमलेल्या आहारसंवय-समितीच्या कार्यवाह मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड या होत्या, आणि जर्मनी सोडून अमेरिकेंत आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन हे आयोवा येथें प्रयोग करीत होते. गृहशुश्रूषेचे धडे घेणाऱ्या स्त्रियांचे सहा गट त्यांनीं निवडले. प्रत्येक गटांत 13 ते 17 स्त्रिया होत्या. तीन गटांपुढें उत्तम व्याख्यान झालें. त्यांत जीवनसत्त्वांचे तक्ते होते, देशकार्याचें आवाहन होतें आणि शेवटीं पाककृतींचे कागदही वाटण्यांत आले. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान न देतां चर्चा घडविण्यांत आली. आपल्यासारख्या गृहिणींस हे पदार्थ करतांना काय अडचण येईल, असा प्रश्न विचारला गेला. कोणी म्हणाली, शिजतांना वास येतो. कोणी म्हणाली, यजमान नांवें ठेवतील. त्या अडचणी मांडून झाल्यावर तज्ज्ञ बाईंनीं त्याच पाककृती आणि तेच उपाय सांगितले, आणि येत्या आठवड्यांत एक तरी पदार्थ कोण करून पाहणार, असें विचारून हात वर करावयास लावलें. वेळ दोहोंस सारखाच, पाऊण तास. पुढें चौकशी केली तेव्हां व्याख्यान ऐकलेल्यांपैकीं शेंकडा 3 स्त्रियांनीं आणि चर्चा केलेल्यांपैकीं शेंकडा 32 स्त्रियांनीं पूर्वीं कधींही न केलेला असा पदार्थ घरीं केला होता.

या प्रयोगांत गट लहान होते, आणि दोन्हीं पद्धतींत एकाहून अधिक गोष्टी वेगळ्या होत्या. म्हणून पुढील संशोधकांनीं त्यांची फोड करून पाहिली. नुसत्या गप्पांचा प्रभाव फारसा नसतो. मनाशीं निश्चय करणें आणि आपल्याबरोबर इतरांचाही तोच निश्चय आहे असें जाणवणें, यांतच बळ आहे, असें त्यांस आढळलें. लेविन यांचा दुसरा सिद्धांतही तितकाच उपयोगी आहे. अन्न ज्या वाटांनीं घरांत येतें त्या प्रत्येक वाटेवर एक द्वारपाल असतो, आणि त्याचें मन वळल्यावांचून पंक्तीस बसलेल्यांस लाख उपदेश केला तरी पानांत कांहीं बदलत नाहीं. मराठी कुटुंबांत हा द्वारपाल ओळखणें कठीण नाहीं. बाजार यजमान करतात, कोठीची किल्ली सासूबाईंकडे असते, आणि सर्व उपदेश मात्र सुनेच्या कानीं पडतो! माहेरीं बाळंतपण झालेली मुलगी दवाखान्यांतून कितीही शिकून आली, तरी घरांतील वडील मंडळींची मान हालल्यावांचून ती मुलाच्या वाटींत अंडें कुस्करूं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण व्हिएतनामचें आहे. सन 1990 च्या अखेरीस एका बालसाहाय्यक संस्थेच्या वतीनें जेरी आणि मोनिक स्टर्निन हें दांपत्य तेथें गेलें. सहा महिन्यांत कांहीं करून दाखवा, अशी सरकारची अट होती. बाहेरून धान्य आणून वांटण्यापुरता पैसा नव्हता आणि वेळही नव्हता. त्यांनीं थान्ह होआ प्रांतांतील चार खेड्यांत गांवच्या स्त्रियांकडूनच मुलांचीं वजनें करविलीं आणि विचारलें, अत्यंत गरीब असूनही ज्यांचें मूल सुदृढ आहे असें एखादें घर गांवांत आहे काय? अशीं घरें होतीं. तेथें पाहतां असें दिसलें, कीं त्या माता भातखाचरांतील लहान झिंगे, खेंकडे आणि रताळ्याच्या वेलाचा पाला मुलांच्या अन्नांत घालीत. हें सर्व फुकट मिळणारें होतें, परंतु इतर लोक तें लहान मुलांस अयोग्य मानीत. शिवाय या माता मुलांस दिवसांतून दोनदां पोट भरण्याऐवजीं थोडें थोडें चार-पांच वेळां भरवीत, आणि भरविण्यापूर्वीं हात धूत. यावर व्याख्यानें दिलीं गेलीं नाहींत. कुपोषित मुलांच्या मातांनीं एकत्र जमावयाचें, येतांना मूठभर झिंगे किंवा पाला आणावयाचा, तेथेंच रांधावयाचें आणि तेथेंच मुलांस भरवावयाचें, एवढाच क्रम ठेवला. मूल खातें, पचवितें आणि टवटवीत दिसूं लागतें, हें आईनें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे वेगळ्या प्रमाणाची गरज राहत नाहीं. पुढें या गांवीं जन्मलेलीं धाकटीं भावंडेंही, त्या वर्गांत कधीं न बसतां, अधिक सुदृढ निघाल्याचें अभ्यासकांनीं नोंदविलें. नंतर दुसऱ्या प्रांतांत झालेल्या एका काटेकोर परीक्षेंत मुलांचें खाणें सुधारलें, परंतु वाढींत एकंदरीनें लक्षणीय फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. उपाय खरा असला तरी तो जादू नव्हे.

बोलण्याची मर्यादा आणि सामर्थ्य हीं दोन्हीं एकाच वेळीं दाखविणारा पुरावा बांगला देशांतून मिळतो. सन 2012 ते 2014 या दोन वर्षांत तेथील उत्तर भागांतील अतिगरीब स्त्रियांस दरमहा 1500 टका, किंवा तितक्या किंमतीचें धान्य, किंवा दोहोंचें मिश्रण देण्यांत आलें. एका गटास मात्र रोख रकमेच्या जोडीला आहाराचें शिक्षणही मिळालें. त्यांत दर आठवड्याची बैठक होती, घरभेटी होत्या, आणि सासवा, पती व गांवांतील वजनदार माणसें यांच्याशीं बोलणेंही होतें. नुसत्या पैशानें किंवा नुसत्या धान्यानें खुज्या मुलांचें प्रमाण हाललें नाहीं. पैसा आणि शिक्षण एकत्र आले तेथेंच तें शेंकडा सुमारें सातांनीं खालीं आलें. त्याच देशांत 2010 ते 2014 या काळांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनीं बाळंतिणींच्या घरीं वारंवार जाऊन, मूल छातीशीं कसें धरावें हें प्रत्यक्ष दाखविलें. तेव्हां सहा महिन्यांखालील मुलांस निव्वळ अंगावर पाजण्याचें प्रमाण शेंकडा 48 वरून 88 पर्यंत चढलें, आणि नेहमीचेंच काम चालू असलेल्या भागांत तें जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. परंतु खुजेपणांत मात्र या दोन भागांमध्यें फरक पडला नाहीं. दूध आईजवळ होतें, म्हणून शब्द पुरे पडले. इतर अन्न विकत घ्यावें लागतें, तेथें शब्दांस पदराची जोड हवी.

भारतांत अंगणवाड्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजीं सुरू झाली, आणि 8 मार्च 2018 रोजीं आरंभिलेल्या पोषण अभियानांत आहाराच्या संवयी बदलणें हें स्वतंत्र काम मानलें गेलें. गरोदर स्त्रियांचा सत्कार, सहा महिने पुरे झालेल्या मुलांचें सार्वजनिक अन्नप्राशन असे समारंभ त्यांत योजिले आहेत. डोहाळजेवण आणि उष्टावण हे संस्कार मराठी घरांत आहेतच. पांच जणींसमक्ष जें घडतें त्याची लाज आणि भीड दोन्हीं राहतात. म्हणून या समारंभांत खिरीच्या एका चमच्यावर न थांबतां मुलाची वाटी, तींतील मऊ वरणभात, त्यावरील तेल किंवा तूप, कुस्करलेलें अंडें अथवा नाचणीचें सत्त्व, हें सर्व सासूबाईंच्याच हातून भरविलें गेलें तर तें शंभर भित्तिपत्रकांचें काम करील. समारंभाचें छायाचित्र निघालें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पेजच सुरू झाली, तर मात्र तो खर्च व्यर्थ होय.

दोष सर्वस्वीं आईच्या माथीं मारणें हीही एक संवयच आहे, आणि तीही बदलली पाहिजे. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणें देशांतील शेंकडा 88.6 प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाल्या. पण जन्मानंतर तासाभरांत अंगावर पाजलेलीं मुलें शेंकडा 41.8 इतकींच होतीं. डॉक्टर, परिचारिका आणि औषधें जवळ असतां ही स्थिति! तेथें अडथळा सुनेच्या अज्ञानाचा नसून बाळास आईपासून दूर ठेवण्याच्या रीतीचा, शस्त्रक्रियेनंतर मदतीस हात नसण्याचा आणि नातलगांच्या उतावीळपणाचाही असतो. तेव्हां वळण लावावयाचें तें केवळ खेड्यांतील मातेस नव्हे.

सुशिक्षित शहरी घरांस या सर्वांतून घेण्यासारखें आहे. चहांत बुडविलेलें बिस्किट हा दीड वर्षाच्या मुलाचा आहार नव्हे, हें तेथें सर्वांस ठाऊक असतें. तरी रडें थांबविण्यास तेंच हातीं दिलें जातें. अशा घरांत दहा नियम भिंतीवर टांगण्यापेक्षां एक नियम निवडावा, तो घरांतील वडील माणसांनीं मिळून ठरवावा, आणि आठवडाभर पाळून पाहावा. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध. सहा महिने पुरे होतांच घट्टसर मऊ अन्न, आरंभीं दोन-तीन वेळां आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळां. दूध मात्र दोन वर्षें किंवा त्यापुढेंही चालूं ठेवावयाचें. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला एवढाच आहे. भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईच्या कडेवरचें मूलही त्याच नियमानें वाढतें. तिला पेजेच्या दोषांवर प्रवचन ऐकविणें सोपें आहे. पण तिला कामाच्या वेळेंतून मुलास भरविण्यापुरती अर्धी घटका मोकळी देणें, आणि त्या वेळीं वाटीभर मऊ वरणभात तिच्याच हातून मुलाच्या मुखीं पडूं देणें, हें अधिक परिणामकारक आहे. असें सात दिवस घडलें, तर आठव्या दिवशीं ती आपल्या शेजारणीला काय सांगेल, याची काळजी कोणास करावी लागणार नाहीं.