मेळघाटातील रानपिंगळा : पक्षिनिरीक्षण, नोंद आणि संवर्धन

सारांश

रानपिंगळा हा केवळ भारतात आढळणारा लहान घुबडवर्गीय पक्षी होय. इ. स. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची एकही विश्वसनीय नोंद झाली नाही व तो नामशेष झाला असे मानले गेले. इ. स. १९९७ मध्ये त्याचा पुन्हा शोध लागला आणि त्यानंतर मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे निवासस्थान असल्याचे स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखात या पक्ष्याच्या शोधाचा इतिहास, त्याची ओळख, धारणी परिसरातील त्याचा अधिवास आणि त्यापुढील संकटे यांचे विवेचन केले आहे. पक्षिनिरीक्षणातील नोंदीची सचोटी हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

बीजशब्द : रानपिंगळा, मेळघाट, धारणी, पक्षिनिरीक्षण, अधिवास, कोरकू

प्रस्तावना

पक्षिनिरीक्षण हा फावल्या वेळेचा छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. वस्तुतः एखादा पक्षी कोठे, केव्हा व कोणत्या स्थितीत दिसला याची प्रामाणिक नोंद हे विज्ञानाचे मूलभूत साधन होय. अशी नोंद खरी असेल तर ती पुढील पिढीच्या अभ्यासकास वाट दाखविते; खोटी असेल तर त्याच अभ्यासकास अनेक दशके भलत्याच ठिकाणी भटकावयास लावते. रानपिंगळ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या. म्हणूनच या एका पक्ष्याची कहाणी पक्षिशास्त्राच्या बाहेरील अध्यापकांनाही उद्‌बोधक ठरावी.

भौगोलिक पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेत मेळघाट पसरला आहे. धारणी व चिखलदरा हे दोन तालुके मिळून हा प्रदेश होतो. वैराट हे येथील सर्वोच्च ठिकाण सुमारे ११७८ मीटर उंचीवर आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या येथून वाहत जाऊन तापीस मिळतात. धारणी तालुका या डोंगराळ प्रदेशाच्या उत्तर बाजूस, तापीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा आहे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीस जाणारा रस्ता याच जंगलातून जातो.

देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटाचा समावेश होता. येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग हा प्रमुख वृक्ष आहे. धावडा, ऐन, सालई, मोह व तेंदू हे वृक्षही विपुल आढळतात. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे हे अरण्य फेब्रुवारीनंतर जवळजवळ निष्पर्ण होते. ओढे आटतात, पाणी मोजक्या डोहांत उरते आणि उतारांवर वाळके गवत तेवढे दिसते. सामान्य प्रवाशास हा काळ रुक्ष वाटतो. पक्षिनिरीक्षकास मात्र तो अनुकूल असतो, कारण उघड्या फांदीवर बसलेला पक्षी दुरूनही नजरेस पडतो.

शोध, विस्मरण व पुनर्शोध

इ. स. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी इ. स. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून ब्लेविट यांच्या सन्मानार्थ त्यास 'ब्लेविटी' हे जातिनाम दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खरी नोंद थांबली.

यानंतरचा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण इ. स. १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याचा दावा केला होता. या नोंदीवर विसंबून अभ्यासकांनी त्या भागात शोध घेतला. डॉ. सलीम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञांच्याही हाती काही लागले नाही. परिणामी पक्षी नामशेष झाला असावा, हे मत बळावत गेले.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्यातील अनेक नमुने चोरलेले व खोट्या नोंदी लावलेले असल्याचे आढळले. रानपिंगळ्याचा नमुनाही मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, पुन्हा भरून, त्यास नवी चिठ्ठी जोडलेली होती. कातडे भरण्याची व शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतंत्र धाटणी असते. त्या धाटणीच्या खुणांवरून हे कृत्य उघडकीस आले. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी याविषयीचा शोधनिबंध इ. स. १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

खोटी नोंद बाजूला सारताच खरी ठिकाणे समोर आली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळण्याचे ठरविले. दि. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तत्कालीन धुळे (आताच्या नंदुरबार) जिल्ह्यात शहाद्याजवळ, भरदिवसा, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यानंतर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी सातपुड्यात केलेल्या सर्वेक्षणांतून तोरणमाळ, मेळघाट व लगतच्या मध्य प्रदेशातील वनांत त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. इ. स. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला.

ओळख व सवयी

मेळघाटात तीन लहान घुबडे एकाच परिसरात दिसू शकतात आणि नवख्या निरीक्षकाची फसगत होते. गावशिवारातील परिचित पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर व अंगावर बारीक आडवे पट्टे असतात. रानपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ ठिपकेविरहित व राखी-तपकिरी दिसते. त्याच्या पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद गडद पट्टे आणि पाय भक्कम असतात. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साळुंकीएवढीच. परंतु डोके व नख्या देहाच्या मानाने मोठ्या भासतात.

घुबड म्हणजे निशाचर, हा समज येथे उपयोगी पडत नाही. रानपिंगळा प्रामुख्याने दिवसा वावरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो, शेपटी झटक्याने हलवितो व तेथूनच भक्ष्यावर झेप घेतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, लहान पक्षी व मोठे कीटक हे त्याचे खाद्य होय. विणीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असून घरट्यासाठी तो झाडाच्या नैसर्गिक ढोलीचा आश्रय घेतो. ढोली पडण्यासाठी झाड जुने व्हावे लागते. त्यामुळे जुन्या वृक्षांची तोड म्हणजे घरट्यांचीच तोड ठरते.

त्याचे वर्गीकरणही दीर्घकाळ वादाचा विषय होते. ह्यूम यांनी त्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली होती. इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र तो सामान्य पिंगळ्याच्याच कुळशाखेत मोडत असल्याचे दाखवून दिले.

संकटे व संवर्धनाचा प्रश्न

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्यास पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' मानले होते. नव्याने आढळलेल्या ठिकाणांमुळे इ. स. २०१८ मध्ये त्याची नोंद 'संकटग्रस्त' या वर्गात करण्यात आली. तरीही प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या एक हजाराच्या आतच आहे. श्रेणी बदलली याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

वणवे, ढोलीच्या झाडांची तोड, अतिक्रमण, शेतातील विषारी औषधे आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा ही या पक्ष्यापुढील परिचित संकटे होत. यांपेक्षा अवघड प्रश्न अधिवासाच्या स्वरूपाचा आहे. रानपिंगळा घनदाट अरण्याच्या गाभ्यात नव्हे, तर विरळ सागवनात आणि वन व शेत यांच्या सीमेवर अधिक सहज दिसतो. अशी सीमा धारणी तालुक्यातील कोरकू गावांच्या भोवती सर्वत्र आहे. वाघासाठी आखलेल्या गाभाक्षेत्राच्या रेषा या पक्ष्याच्या निवासस्थानाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. गाभाक्षेत्रातील गावांचे पुनर्वसन झाल्यावर पडीक शेतांचे गवताळ माळ होतात व पुढे तेथे झुडपे वाढतात. या प्रत्येक टप्प्याचा रानपिंगळ्यावरील परिणाम सातत्याने नोंदविला जाणे आवश्यक आहे. तापी खोऱ्यातील जलप्रकल्पाबाबतही हेच म्हणता येईल. महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी दि. १० मे २०२५ रोजी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पाण्याची निकड खरी आहे. तथापि नदीकाठच्या वनाची किंमत ठरविताना अशा दुर्मीळ पक्ष्याचा हिशेब त्यात धरला जावा, ही अपेक्षाही तितकीच रास्त होय.

येथे स्थानिकांच्या ज्ञानाचा विचार अपरिहार्य ठरतो. ग्रंथांत नामशेष ठरलेला पक्षी या अवधीत सातपुड्यात नांदतच होता. ज्यांच्या शेताच्या बांधावर तो बसत होता, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. मेळघाटातील रानपिंगळ्यावर इ. स. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणाच्या लेखकांत कोरकू आडनावे आढळतात, ही म्हणूनच लहान गोष्ट नव्हे.

निष्कर्ष

रानपिंगळ्याच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, एका खोट्या नोंदीने अभ्यासकांची दिशा दीर्घकाळ चुकविली, आणि मूळ नोंदी पुन्हा तपासल्यानेच ती सुधारली. दुसरी, संवर्धनाचे क्षेत्र ठरविताना एका मोठ्या प्राण्याचे निकष सर्व जीवांना पुरे पडत नाहीत. तिसरी, स्थानिक समाज हा केवळ वाटाड्या नसून ज्ञानाचा धारक आहे.

वऱ्हाडातील महाविद्यालयांना या कामी मोठा वाव आहे. सहलीत दुर्मीळ पक्ष्याचे छायाचित्र मिळविण्यापेक्षा ठरावीक मार्गावर, ठरावीक महिन्यांत, वर्षानुवर्षे नोंदी ठेवणे अधिक मोलाचे ठरेल. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावणे, ढोलीजवळ गर्दी करणे व घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर करणे कटाक्षाने टाळावे. नोंदवहीत दिनांक, वेळ, झाड, अंतर व निरीक्षकाचे नाव लिहावे आणि पक्षी न दिसल्यास तेही लिहावे. त्यात कोरकू विद्यार्थ्याचे नाव निरीक्षक म्हणून यावे. न दिसल्याची प्रामाणिक नोंद ही दिसल्याच्या खोट्या नोंदीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.